अप्पा क्रूझर शोधत आले

दि. ११ डिसेंबर, गुरुवार
जहाजावरून. मुंबई मागं, कोची पुढं.

ती. साखरा आत्यास बसवेशचा शरणार्थी, वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे. हे आधीच लिहून टाकतो, कारण तू पहिली ओळ वाचल्याशिवाय खाली बसत नाहीस. तू कशी आहेस? आठवडी बाजार अजून स्वतःच करतेस का शिवानीला पिशवी देऊन पाठवतेस? पाठवत असशील तर पाठवू नको, ती वांगी हात न लावता घेते. तुझ्या नातीबद्दल असं लिहू नये, पण मी मागं तुझ्याकडं राहायला होतो तेव्हा ती वांगी मलाच खावी लागलती.

फोनवर तुला ऐकू येत नाही. शिवानीला निरोप सांगितला तर तो तुझ्या आधी सगळ्या युसूफ वडगावला कळतो. म्हणून हे पत्र. आमच्यातला एक पोरगा कोचीला सुट्टीवर उतरणार आहे, तो पेटीत टाकेल.

तुझा निरोप काल मिळाला. शिवानीनं मोबाईलवर एवढंच लिहिलं होतं, 'आजी विचारती, मन्मथला कळलं का?' अप्पांना मन्मथ म्हणणारी तू एकटीच. काय कळलं ते शिवानीला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ती ओळ मी कालपासून सारखी काढून बघतोय.

सांगतो. पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय सांगता येत नाही, तुला माझी सवय आहे. शाळेत 'माझे गाव' निबंधात गाव यायच्या आधी दोन पानं संपायची.

तर पहिल्यापासून. मागच्या संक्रांतीला मी मुंबईहून घरी फोन केला की अप्पा, मी क्रूझवर लागलो. अप्पांनी ऐकलं, क्रूझर. त्यांची तरी काय चूक? आपल्या चौसाळ्याच्या फाट्यावर क्रूझर म्हणजे एकच, आत माणसं कोंबून आणि टपावर गठुडी बांधून बीडला जाणारी जीप. त्यात मी हनुमानच्या क्रूझरवर आधी क्लिनर होतोच. दाराला लोंबकळून 'बीड बीड बीड' करत गेलतो सगळा उन्हाळा. अप्पा म्हणाले, परत क्लिनरच का? आणि फोन ठेवला. किराणा दुकानाचा एकुलता वारस जीपच्या दाराला लोंबकळतोय, हे त्यांना पहिल्या वेळेलाच सहन झालं नव्हतं.

मी त्यांना खरं सांगायला गावाकडं निघालो आणि आधी तुझ्याकडं आलो. तू चुलीपुढं बसली होतीस. मी म्हणालो, जीप नाही, जहाज आहे, समुद्रावर जातंय. तू बराच वेळ भाकरी थापतच राहिलीस. मग म्हणालीस, "त्येला सांगू नको. गाडी म्हनतोय ना, म्हनू दे. गाडीला ब्रेक असतोय."

का म्हणालीस ते मला तेव्हाही कळलं होतं. गुरुलिंगकाकांचं नाव आपल्या घरात कुणी काढत नाही. मांजरा धरणाच्या पाण्यात ते गेले तेव्हा अप्पा काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसले होते, एवढंच मला आईनं एकदा सांगितलंय. तेव्हापासून अप्पांनी घरातलं एक पोरगं विहिरीत उतरू दिलं नाही. आमच्या वर्गातली सगळी पोरं पोहायला शिकली, मी काठावरून दगड मारायला शिकलो.

म्हणून मी चौसाळ्याला गेलोच नाही. तुझ्याकडूनच मुंबईला परत फिरलो. पिशवीत तुझ्या दशम्या, आणि घरात एक खोटं, जे मी बोललो नव्हतो. तूही बोलली नव्हतीस. ते अप्पांच्या कानातच तयार झालं होतं. आपण दोघांनी फक्त त्याला हात लावला नाही.

वर्षभर फोनवर काय बोलणी व्हायची ते तुला सांगायचं राहिलंच. अप्पा विचारायचे, गाडी कशी हाय? मी म्हणायचो, मोठी आहे. सीटं किती? लई. रस्ता बरा हाय का? कधी बरा, कधी हादरे बसतात. यातलं एक अक्षर खोटं नाही, आत्या. मालक कोण हाय तुजा? तर मी म्हणालो, कॅप्टन. इथं सगळे तसंच म्हणतात. आता आपल्याकडं अशी नावं घरोघरी. केळी विकणारा कलेक्टर आहे, मिल्ट्री कधी न बघितलेला मेजर आहे. हनुमान लगेच अप्पांना म्हणाला की एक कॅप्टन गेवराईकडं हाय, पोरांची लायसन ठेवून घेतोय आणि वर्स वर्स सोडत न्हाई. आणि मी इकडून सांगतोय की काँट्रॅक्ट संपल्याशिवाय कॅप्टन सोडत नाही. झालं. अप्पांच्या मनात ते पक्कं बसलं, पोरगं अडकलंय.

खरं म्हणजे मी अडकलो नव्हतो. तुला आठवतं ना, कड्याला कारखान्याबाहेर चहा विकला, तिथून पुण्याला मांडववाल्याकडं, तिथून नाशिकला कशाला गेलतो ते मलाही आता सांगता येत नाही. प्रत्येक ठिकाणाहून शेवटी तुझ्या दारात. तू कधी विचारलं नाहीस की हे कावून सोडलंस. फक्त म्हणायचीस, हात धू. इथं पहिल्यांदा असं झालं की मी एका जागी टिकलो, आणि ती जागाच हलणारी निघाली. आधी भांडी घासायचो, आता बेकरीत आहे. रोमेल म्हणून फिलिपिन्सचा उस्ताद आहे, तो कणीक मळताना गातो आणि आपण बेसूर गेलो तर पिठाच्या हातानं टपली मारतो.

कुठं होतो? मुंबई.

आमचं जहाज मुंबईला पहिल्यांदाच लागणार होतं. मी आईला फोनवर बोलून गेलो की मंगळवारी दिवसभर बॅलार्ड पिअरला आहे, पण बाहेर पडायला मिळेल असं वाटत नाही, संध्याकाळी निघायचं आहे. मला कुठं माहीत की आई तिथल्या तिथं अप्पांना सांगेल आणि अप्पा हनुमानला सांगतील, काढ गाडी.

एखादं जहाज एखाद्या बंदरात पहिल्यांदा आलं की बंदराची माणसं कॅप्टनचा सत्कार करतात. सगळीकडं ही रीत आहे. नवी सून उंबऱ्याशी आल्यासारखं असतं ते. सन्मानचिन्ह देतात, घेतात, फोटो होतात. मुंबईत तर तुतारी होती, हलगी होती, लेझीमच्या पोरी होत्या. माणसं कमी पडली म्हणून मला बेकरीतून काढून धक्क्यावर जिन्याच्या तोंडाशी उभं केलं होतं, पांढरी टोपी, हातात ट्रे आणि ट्रेमध्ये गार ओले टॉवेल. उतरणाऱ्या पाहुण्यांनी तोंड पुसायचं असतं त्यानं. त्याला गवती चहासारखा वास येतो. एक म्हातारी पाहुणी रोज एक टॉवेल पर्समध्ये घालून नेते, ते आम्ही कुणी बघत नाही.

आणि सत्काराच्या रांगेच्या टोकाला अप्पा.

धुतलेलं धोतर, लग्नातला कोट, कपाळाला विभूती, काखेत नारळ आणि शाल, हातावर गुलाबी फेट्याचं कापड. माझ्या हातातला ट्रे एका बाजूला गेला आणि टॉवेल घसरून खाली पडले. ते उचलायला वाकलो तो बराच वेळ वर आलो नाही. वाटलं, असाच वाकून राहावं, संध्याकाळपर्यंत.

ते तिथवर पोचले कसे, हे मला नंतर हनुमाननं सांगितलं, पण तुला आत्ताच सांगतो. दोघं रातोरात निघाले होते. अप्पांचा विचार साधा होता. माणूस सोडवून आणायचा तर भांडून सुटत नाही. कॅप्टनला शाल द्यायची, नारळ द्यायचा, स्वतःच्या हातानं फेटा बांधायचा आणि मग चार माणसांत म्हणायचं की पोराला मोकळं करा. सत्कार घेतलेला माणूस नाही म्हणू शकत नाही. धक्क्याच्या फाटकाशी पाटी होती, क्रूझ टर्मिनल. हनुमान म्हणाला, "र पडलाय अप्पा, पर ष्टँड लई चांगलं बांधलंय."

आत कुणी सोडेना. हनुमान सांगतोय की कॅप्टनला भेटायचंय, फेटा बांधायचाय. तेवढ्यात आतून कार्यक्रमाची एक बाई धावत आली. त्यांचा ठरवलेला फेटेवाला आलाच नव्हता. तिनं अप्पांच्या हातावरचं कापड बघितलं आणि म्हणाली, काका, किती उशीर, चला लवकर, आधार कार्ड आहे ना? अप्पांचं नाव लिहून गळ्यात पास घातला. अप्पांना त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. कॅप्टनला आपण येणार हे कळलंय, असं त्यांना वाटलं. हनुमान गाडीपाशी बाहेर राहिला. नारळ तेवढा यंत्रातून दोनदा काढला म्हणे.

आता आमची कॅप्टन. नाव आस्ट्रीड, नॉर्वेची, उंच, पांढरा ड्रेस, खांद्यावर सोनेरी पट्ट्या. ती जिन्यानं खाली आली, तुतारी वाजली आणि त्या कार्यक्रमवाल्या बाईनं अप्पांना पुढं ढकललं की काका, कॅप्टनला बांधा. अप्पांनी आजूबाजूला बघितलं. मला नंतर म्हणाले, मला वाटलं मालक आत जेवायला बसला असंल, ही मालकीन.

पण फेटा तो फेटा. चौसाळ्यात एक लग्न अप्पांच्या हाताशिवाय होत नाही. त्यांनी समोरच्या खुर्चीकडं हात केला आणि कॅप्टन मुकाट्यानं बसली. बाकीचे साहेब उभे, ही बसलेली, आणि अप्पा तिच्याभोवती फिरून बांधतायत. शेवटचा पदर खोचला, तुरा बोटानं वर केला, दोन पावलं मागं जाऊन बघितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मागं जाताना त्यांची नजर माझ्यावर पडली.

सरळ माझ्याकडं आले. ना खुशाली, ना राग. म्हणाले, "गाडी कुटं हाय?"

मी ट्रे धरलेल्या हातानंच मागं दाखवलं. "ही."

अप्पांनी वर बघितलं. पांढरी भिंत, त्यात खिडक्यांच्या ओळीच्या ओळी. "ही बिल्डिंग?"

"बिल्डिंग न्हाई, अप्पा. तरंगतीय."

ते जहाजाकडं बघेनात, खाली बघायला लागले. धक्का आणि जहाज यांच्यामधे एक फट असते, दोन हात असेल, तिथं काळं पाणी खालीवर होत असतं आणि दोर करकरत असतात. अप्पा त्या फटीपर्यंत गेले, वाकून बघितलं आणि परत आले. आणि त्यांनी माझं मनगट धरलं. आत्या, दुकानात खोक्याला दोरी आवळतात तसं धरलं.

इथं थांबतो. पाव काढायची वेळ झाली.

---

परत बसलो. हात धुतले तरी कागदाला पीठ लागलंय, झटकून घे.

कार्यक्रमवाली बाई लेझीमच्या पोरींकडं गेली होती, साहेब लोक फोटोत. कॅप्टन फेट्यासकट आमच्याकडं आली. तिनं मला विचारलं, हे तुझे वडील का? मी हो म्हणालो. तिला आनंद झाला, हात पुढं केला. अप्पांनी हात जोडले, म्हणजे एक हात छातीशी नेला, दुसऱ्यात माझं मनगट होतं. आणि म्हणाले, "सांग बाईला."

मग ते बोलले. सावकाश, पंचायतीत बोलल्यासारखं. "बाई, पोरगं माझं हाय. तुमी संबाळलं, उपकार झाले. आता त्याला मोकळं करा. पान्यानं माझा भाऊ नेलाय. अजून एक मी देनार न्हाई."

खोटं बोलायला एवढी सोपी जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती. अप्पांना इंग्रजी नाही, कॅप्टनला मराठी नाही, मधे मी एकटा. मी सांगू शकत होतो की वडील तुमचे आभार मानतायत, आणि इकडं अप्पांना सांगू शकत होतो की बाई म्हणते काँट्रॅक्ट मोडता येत नाही, नियम आहे. कॅप्टननं हसून मान हलवली असती, अप्पांनी ती मान बघितली असती, आणि सगळं मिटलं असतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं.

पण अप्पांनी त्या दिवशी पहिल्यांदा भावाचं नाव न घेता का होईना, भाऊ म्हटलं होतं. परक्या बाईसमोर, भर धक्क्यावर. ते मी मधेच गिळून टाकायचं म्हणजे फार झालं असतं. क्रूझर एक वर्ष चालली तेवढी बास.

माझं इंग्रजी जहाजावरचं, गरम, गार, बाजूला व्हा, सावकाश, एवढ्यावर चालणारं. त्यात ते वाक्य बसवायला मला वेळ लागला. पण सगळं सांगितलं. मोकळं करा म्हणतात, ते. भावाचं, ते. देणार नाही, ते पण.

कॅप्टननं काळा चष्मा काढला. भाऊ किती मोठा होता, तिनं विचारलं. मी म्हणालो, माझ्याएवढा. मग ती माझ्याकडं न बघता अप्पांकडं बघून बोलली, त्यांना समजत असल्यासारखी, आणि मी मागून मराठी करत गेलो.

ती म्हणाली, "तुमच्या मुलाला मी बांधून ठेवलेलं नाही. त्याला जायचं असेल तर दुपारच्या आत त्याचा पासपोर्ट त्याच्या हातात देते. पण ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय." आणि पुढं, "पाण्याची भीती मलाही वाटते. रोज वाटते. न भिणाऱ्या माणसाच्या हातात जहाज देत नाहीत."

हे सगळं मी तसंच्या तसं सांगितलं. मनगट सुटलं नाही.

अप्पांनी मला विचारलं, "पवता येतं का तुला?"

"येतं. हितं शिकलो. रोमेलनं शिकवलं."

मला वाटलं याचं त्यांना बरं वाटेल.

"गुरुलिंगला बी येत होतं," अप्पा म्हणाले. "लई चांगलं येत होतं."

हलगीवाला हलगी तापवत होता. कॅप्टनचा मदतनीस दोनदा तिला बोलवायला आला, तिनं दोन्ही वेळा बोट वर करून त्याला थांबवलं. एवढ्या मोठ्या जहाजाची बाई, डोक्याला गुलाबी फेटा, आमच्या बापलेकाची वाट बघत उन्हात उभी होती. तिचे उपकार मी कसे फेडणार सांग. मी तिला रोज पाव खायला घालतो, पण तो तर पगाराचा पाव.

शेवटी अप्पा म्हणाले, "गुरुलिंग भीत नव्हता. तेच नडलं." आणि मग, "बाई भिती म्हनली ते बरं झालं." आणि मग माझ्याकडं वळून, "तुला जायचंय?"

मी खाली बघून हो म्हणालो.

"मान वर करून म्हन की."

"जायचंय, अप्पा."

त्यांनी मनगट सोडलं. काखेतली शाल काढली, झटकली आणि कॅप्टनच्या खांद्यावर घातली, नारळ तिच्या हातात दिला. सोडवून न्यायला आणलेली शाल. तिला म्हणाले, "संबाळा." हा एकच शब्द मला इंग्रजीत करावा लागला नाही. तिनं नारळ पोटाशी धरला आणि मान हलवली. फेटा तिनं दिवसभर काढला नाही, निघताना वर काचेमागं उभी होती तेव्हाही होता, ते मी स्वतः बघितलंय.

मी अप्पांना म्हणालो, वर चला, माझी बेकरी बघा. तर म्हणाले, एकानं चढलं तेवढं बास.

कॅप्टननं मला दुपारपर्यंत सोडलं. फाटकाबाहेर हनुमान पोलिसाशी हुज्जत घालत गाडी मागंपुढं करत होता. मला बघून म्हणाला, "काय बे, तुज्या क्रूझरला टायर कुटून बसवत्यात?" सगळं त्याला फाटकावरच्या माणसानं समजावून सांगितलं होतं, आणि गावात जाऊन कसं सांगायचं याची त्याची जुळवाजुळव चालू होती. रातभर गाडी हाकून आलेला माणूस. डिझेलचं नाव काढू देईना. त्याला म्हणालो, तुझी गाडी लहान दिसायला लागली रे, तर म्हणाला, लहान हाय पर फाट्यावर कुनी हात केला की थांबती.

मग एका झाडाखाली गाडी लावून आम्ही मागच्या सीटवर बसलो. वर्षभरानं मी खरंच क्रूझरमधे बसलो, आत्या. सीटला तोच डिझेलचा वास. आईनं धपाटे दिले होते, शेंगाची चटणी, दही वाटेतच आंबून गेलतं. अप्पांनी आधी हातपाय धुतले, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन गाडीतच पूजा केली, नेहमीसारखीच, घाई नाही. मी पण केली. तिकडं जहाजावर माझी कधी कधी राहते, हे तुला सांगतो, त्यांना सांगितलं नाही.

जेवताना दुकानाचं बोलले. पोपटराव म्हणून नवा दुकानदार शेजारी आलाय, गोडेतेल दोन रुपयानं कमी लावतो. रवीला, माझ्या मावसभावाला, दुकानात घेतलंय, तो बरा आहे पण दिवसभर मोबाईलवर असतो. दुकान मी बघावं असं म्हणाले नाहीत. मी कधी येणार तेही विचारलं नाही. मला वाटलं, सुटलो. मी दुसरा धपाटा घेतला.

आता तुझं. मी पत्रभर इकडंतिकडं फिरतोय ते यासाठीच. तुला वाटत असेल, हा टॉवेल आणि नारळ सांगत बसलाय आणि विचारलेलं सांगेना.

अप्पांनी हात धुतले, धोतराला पुसले आणि बाहेर बघत विचारलं, "आक्काला ठावं होतं?"

हनुमान पटकन खाली उतरला आणि चाकाला लाथा मारून हवा बघायला लागला. भला माणूस आहे.

माझ्या तोंडात घास होता. तो मी जितका वेळ चावता येईल तितका चावला. मग म्हणालो, "व्हय."

"पयल्यापासनं?"

"व्हय."

मी घाईघाईनं सांगायला लागलो की आत्यानं तुमच्या काळजीपोटी केलं, तिला बोलू नका, तिच्याशी अबोला धरू नका, चूक माझी. त्यांनी हात वर केला. ते रागावलेले नव्हते. बोटावर काहीतरी मोजल्यासारखं करत होते.

"दिवाळीला आलती तवा रोज रातच्याला वट्यावर बसून ऱ्हायची," अप्पा म्हणाले. "कावून बसलीस म्हनलं की म्हनायची, आत उकडतंय. दिवाळीत कुटं उकडतं?"

मला हे ठाऊकच नव्हतं. तू कधी कळू दिलं नाहीस. मला वाटत होतं, तू खोट्याला हात लावला नाहीस म्हणजे तुझं काम संपलं. तुझं तर तिथून सुरू झालं होतं.

"तिचा बी भाऊच होता की गुरुलिंग," अप्पा म्हणाले. "वर्सभर एकलीच भेली. माज्या वाटनीचं बी."

हनुमान गाडीभोवती तिसऱ्यांदा फिरला. अप्पांनी डोळे पुसले असतील किंवा नसतील, मी बघितलं नाही, मी डबा बांधत होतो. मग ते म्हणाले की मी तुला लिहावं, फोन नको, लिहावंच, आणि त्यांचा निरोप त्यांच्याच शब्दांत लिहावा, पदरचं घालू नये. तो असा:

"आक्काला म्हनावं, आता तू नीज. हितनं पुढं मी जागा हाय."

एवढंच. तू विचारलंस, मन्मथला कळलं का? कळलं आत्या. सगळंच कळलं.

रविवारी ते युसूफ वडगावला येणार आहेत, हनुमानच्याच गाडीनं. हे पत्र तोवर पोचणार नाही, मला माहीत आहे. येतील आणि नेहमीसारखे बाजेवर बसून पावसापाण्याचं बोलतील, यातलं काही काढणार नाहीत. तूही काढणार नाहीस. पुढच्या खेपेला चहात साखर कमी घाल, आईनं सांगितलंय.

तू मला वर्षभर समुद्रावर राहू दिलंस. त्याची किंमत कुठं बसून मोजत होतीस ते आता कळलं. आभार म्हटलं तर तू म्हणशील, हात धू. म्हणून म्हणत नाही. पण लिहून ठेवतो.

आज समुद्र शांत आहे. खरंच शांत आहे, हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. आतापासून खवळला तरी लिहीन. दोघांनाही.

तुझा, आणि आता उघड उघड समुद्रावरचा,
बसवेश